चौथा सिलिंडर राहिला

भुताच्या गोष्टीला रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचू नका. माझ्यासोबत घडलं ते भर दुपारी, सव्वाबाराला, अहमदपुरात, आमच्या स्वतःच्या अंगणात. खोटं बोलून मला काय मिळणार? उलट जे इतकी वर्षं लपवलं, तेच इथं लिहावं लागतंय.

मी राजशेखर. उमाशंकर माझा थोरला भाऊ, आमचा दादा. सहा फुटी गडी. त्याच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती.

बाकीची दोन माझ्यामुळं गेली.

दादाला गाडीचं लई वेड. जुनी पेट्रोल गाडी घेतली होती, तिचं सगळं काम घरीच. एकदा आम्ही इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासत होतो. काम सोपं, पण माणसं दोन लागतात. एकजण समोर उभा राहून प्लग काढतो आणि त्या भोकात मीटर बसवतो. दुसरा आत बसून अ‍ॅक्सिलरेटर दाबून सेल्फ मारतो. समोरच्यानं "मार सेल्फ" म्हटल्याशिवाय चावी फिरवायची नाही, आणि शेवटी "झालं, उतर" म्हटल्याशिवाय उतरायचं नाही. हा दादाचा कायदा.

त्या दिवशी आत मी होतो. कंटाळलो होतो. हाकेची वाट न बघताच चावी फिरवली.

दादाचा हात इंजिनाच्या पंख्याच्या बेल्टपाशी होता...

दवाखान्यात तो सगळ्यांना म्हणाला, "माझाच हात घसरला." मीही गप्प बसलो. तेव्हापासून मात्र आत तो बसायचा, समोर मी. तयार झाला की दारावर दोनदा वाजवायचा. ठक... ठक. मग माझ्या हाकेची वाट बघायचा.

दोन वर्षांमागं श्रावणात त्याला कावीळ झाली. नऊ दिवसांत गेला. माती देताना तोच हात मी हातात धरला होता, तरी तोंडातून माफी निघाली नाही. ते मला खात राहिलं.

पुढच्या वैशाखात दानम्मा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, त्यांची गाडी तेवढी चालती करून द्या. मी शिकते."

घरचे सगळे देगलूरला लग्नाला गेले होते. मी एकटाच. लाइट गेलेली, कूलर बंद. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

दुसरा माणूस नाही, म्हणून मीच आत-बाहेर करत होतो. मीटरचा काटा वर जाऊन तिथंच थांबतो, नंतर येऊन बघितला तरी चालतं. मी बुटका. सीट पार पुढं ओढून बसलो. पहिला सिलिंडर, दीडशे. दुसरा, तेवढाच. बरं वाटलं.

पाणी प्यायला घरात गेलो. जाताना चावी काढून खिशात टाकली. परत येऊन तिसऱ्याला मीटर लावला. डोळ्यात घाम उतरलेला. आणि सवयच ती... तोंडातून निघून गेलं.

"दादा, मार सेल्फ!"

आमच्याकडं म्हातारी माणसं सांगतात, गेलेल्याला कामासाठी हाक मारू नये. माझं मलाच हसू आलं.

ठक... ठक.

इंजिन फिरलं.

काटा सरसर चढला. थांबला. इंजिनही थांबलं.

मी खिसा चाचपला... चावी खिशातच होती.

बोनेट उघडं असलं की समोरून सीट दिसत नाही. बाजूला होऊन बघायची माझी छाती झाली नाही.

"कोण हाय?"



म्हटलं, उन्हानं वायर शॉर्ट झाली असेल. भ्यालेला माणूस स्वतःला काहीही पटवतो. गडबडीत चौथ्याला मीटर लावायला गेलो, तर मीटरच्या टोकाचं रबर बेल्टच्या मागं पडलं. हात आत घातला. घड्याळ अडकलं. हात निघेना.

तेवढ्यात आत सीट करकरली...

ठक... ठक.

देवा रे! आता हा सेल्फ मारणार. आणि खरं सांगू? त्याचा हक्कच होता. मी लहान पोरागत रडायला लागलो.

"दादा, त्या दिवशी तू हाक दिली नव्हतीस. मीच फिरवली चावी. चुकलो रे... माफ कर."

इंजिन हललं नाही.

तो हाकेची वाट बघत होता. नेहमीसारखी.

घड्याळाचा पट्टा तुटला, हात सुटला. मी जो पळालो, तो थेट एसटी स्टँडवर.

संध्याकाळी वहिनी आल्यावर त्यांच्यासोबत गाडीपाशी गेलो. दार बंद. काचा वर.

सीट पार मागं सरकलेली होती.

मी त्यांना सगळं सांगितलं. बोटांचंसुद्धा.

"बोटांचं मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "शेवटच्या तापात बोलून गेले. तुम्हाला काही म्हणू नको, असंबी म्हणाले." मग सीटकडं बघत विचारलं, "चौथा झाला का?"

"न्हाई. राहिला."

"मग 'उतर' म्हणलात का त्यांना?"

"आत्ता म्हणतो," म्हणत मी पुढं झालो.

वहिनींनी माझा दंड धरला.

"नका म्हणू, भाऊजी. बसू द्या."

वर्ष झालं. बोनेट अजून उघडंच आहे. वहिनी रोज दुपारी जेवण झालं की गाडीपाशी खुर्ची टाकून बसतात. हळू आवाजात बोलतात. कधीकधी हसतात. मी दुपारचा घरात थांबत नाही, पण रविवारी थांबावं लागतं. मग ऐकू येतं...

ठक... ठक.

एवढ्या उन्हात, काचा बंद करून, तो माझ्या शब्दासाठी बसलाय. दोन शब्द म्हटले की सुटेल बिचारा. दर रविवारी ते माझ्या ओठावर येतात. आणि दर रविवारी वहिनी खुर्चीवरून मान वळवून माझ्याकडं बघतात.