बांधलेला आवाज

धावडा गावामागच्या माळावर त्या हिवाळ्यात एकही तित्तर उरला नव्हता, पक्षी धरणाऱ्या कडूबानं ते सगळे संपवले होते. साल चौऱ्याहत्तर. मी भोकरदनला कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. जुन्या बाजारातून घेतलेलं पक्ष्यांच्या चित्रांचं पुस्तक वाचत, माळावर बसून आवाज ओळखायला शिकलो. सुटीला तिकडे जायचं, ऐकायचं, घरी येऊन लिहून ठेवायचं.

कडूबाची रीत साधी होती. पाळलेला तित्तर पिंजऱ्यात घालून झुडपाआड ठेवायचा आणि भोवती फासे मांडायचे. पिंजऱ्यातला ओरडला की माळावरचा नर भांडायला धावत येतो आणि अडकतो.

त्या दिवशी दिवस कलताना मी त्याला बोरीखाली गाठलं.

"एक जोडी तरी ठेवायची होतीस, नालायका!"

"तुमच्या पुस्तकात हायेत की, भाऊसाहेब. चित्रं पाहा अन् खुश ऱ्हा."

मी रागानं पिंजऱ्याला हात घातला, तेवढ्यात नाल्यापलीकडून हाक आली.

"कडूबा... ये रे..."

त्याचं हसू गेलं. "भिवा... माहा भाऊ हाय तो!"

भिवा मागच्या वर्षी याच माळावर आला होता, तो परतलाच नव्हता. गावानं किती शोधला होता.

"कडूबा... ये रे..."

कडूबानं मोठ्यानं ओ दिली. हाक तशीच आली. त्याच जागेवरून, त्याच पट्टीत, मधे तेवढंच थांबून. मोकळा पक्षी ओरडतो तेव्हा त्याचा आवाज हलतो. कधी बांधावरून येतो, कधी गवतातून. पिंजऱ्यातल्याचा हलत नाही. वाऱ्याबरोबर ओल्या, कुजक्या पिसांसारखा वास आला.

"जाऊ नको," मी त्याचं मनगट धरलं. "तो मोकळा नाही. त्याला कुणीतरी... ठेवलाय तिथं."

"सोडा! जित्ता हाय माहा भाऊ!"

तो हिसडा देऊन नाल्यात उतरला. भीतीपेक्षा मला संताप जास्त आला. माणसांसाठी असे फासे मांडून बसणारं ते कोण? मी हाताला लागेल तो दगड पलीकडे भिरकावत, शिव्या देत राहिलो. "सोड त्याला! समोर ये, हरामखोरा!"

हाक थांबली. रातकिडेही थांबले.

बऱ्याच वेळानं कडूबा नाला चढून वर आला, एकटाच. मान खाली. मी त्याला बखोटीला धरून त्याच्या घरी आणलं. वाटभर त्याला फैलावर घेत होतो. मी ओढेन तसा तो येत राहिला.

"कुठं होते इतका वेळ?" त्याची बायको द्वारकाबाई चुलीपासून ओरडली. "भाकरी थंडी झाली बिलकुल."

तो भिंतीला टेकून बसला. तिनं त्याच्यापुढं ताट सरकवलं. मी उंबऱ्यावर टेकून पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, आणि माळाकडून हाक आली.

"द्वारके... ये गं..."

कडूबाचा आवाज. नाल्यापलीकडून.

द्वारकाबाईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग सावकाश भिंतीकडं.

"द्वारके... ये गं..."

ताटापुढं बसलेल्यानं मान वर केली.

"जाय की," तो तिला म्हणाला. "बोलावून राह्यला ना तो."