गाडीवर दिलेली गोधडी

भाईमामाने बसला हात जोडले, तेव्हाच स्वप्नाला संशय आला.

सुदेशमामाचं घर सिंगापुरात अकराव्या मजल्यावर होतं. खिडकीतून खालचा रस्ता स्पष्ट दिसायचा आणि त्यावरून दुमजली बस एकामागोमाग एक, ना हॉर्न ना धूर, अशा शांतपणे सरकत जायच्या. भाईमामा जेवण झाल्यापासून त्या खिडकीला चिकटला होता. बाकीच्या बसकडे तो ढुंकूनही बघत नव्हता. दोनशे सहा नंबरची बस आली, की मात्र पटकन हात जोडायचा आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायचा.

"दीपू, मामाक बघ," स्वप्ना कुजबुजली.

"तेका बसमदी गणपती दिसलो काय?" दीपेश म्हणाला.

"आणि जेवताना त्याने तळलेला मासा तसाच ठेवला," संचिता म्हणाली. "भाईकाकाने मासा ठेवला म्हणजे काहीतरी गडबड आहे."

स्वप्ना आठवीतली, दीपेश तिचा धाकटा भाऊ, पाचवीतला. दोघं मे महिन्याच्या सुट्टीत आई आणि भाईमामाबरोबर मिठबावहून थेट सिंगापूरला आली होती, सारिकामावशीच्या नव्या बाळाच्या बारशाला. संचिता सुदेशमामाची मुलगी, इथेच जन्मलेली. तिला मालवणी कळायची सगळी, पण बोलताना ती पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायची. सगळी मोठी माणसं सकाळपासून मावशीच्या घरी तयारीला गेली होती. इथे उरली होती तीन मुलं आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला भाईमामा. म्हणजे खरं तर उलटंच!

स्वप्ना सकाळचं सगळं आठवू लागली. आईला वाटेत बाजार करायचा होता, म्हणून तिने जाताना भाईमामाच्या हातात एक निळी कापडी पिशवी दिली होती. "ही तेवढी बारशाआधी नीट सारिकाकडे पोचव," असं दोनदा बजावलं होतं. मामा निघाला आणि टेबलावरचा चहा गार व्हायच्या आत परत आला. मावशीचं घर तर बसने बरंच लांब होतं.

"मामा," स्वप्ना त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, "मावशेक गोधडी दिलंस?"

"दिलंय मगे."

"कोणाच्या हातात?"

भाईमामाने खिडकीबाहेर बघितलं, छताकडे बघितलं, मग बिचारा मटकन खुर्चीत बसला.

"गाडयेर दिलंय," तो म्हणाला.

संचिताला काही कळलं नाही. स्वप्ना आणि दीपेशला मात्र लख्ख कळलं आणि दोघांचेही चेहरे उतरले.

मिठबावच्या तिठ्यावर भाईमामाचं दुकान. देवगडला आंब्याची पेटी पाठवायची असो, कणकवलीला कुणाचं औषध, नाहीतर मसुऱ्याच्या आत्याला ताजे बांगडे, मामा कधी जागचा हलायचा नाही. एसटी आली, की वस्तू कंडक्टरच्या स्वाधीन करायची आणि सांगायचं, अमक्या थांब्यावर तमका उभा असेल. झालं काम. तिकडे फोन गेलेला असायचा, तिकडचा माणूस हात करून गाडी थांबवायचा आणि पिशवी उतरवून घ्यायचा. घेणारा आला नाही, तर परतीच्या फेरीत वस्तू जिथली तिथे यायची. आजवर मामाचं साधं लिंबूसुद्धा हरवलेलं नव्हतं.

"पण भाईकाका, इथे बसमध्ये कंडक्टर नसतोच," संचिता म्हणाली.

"ता माका खंय म्हायत? मी डायवराक सांगलंय, सारिका, सारिका, फुडल्या स्टॉपार. तेणा मान हलवल्यान. म्हटलंय, समाजलो. मगे सारिकाक फोन लावलंय तर रस्त्यार फोनच लागाना. घराक येवन लावूचो, तर तवसर गाडी तिच्या दारावरसून गेली असतली. आता कोणत्या तोंडान सांगू?"

त्या पिशवीत पणजीची गोधडी होती. तुळसापणजीने आपल्या जुन्या लुगड्यांची शिवलेली. घरातलं प्रत्येक मूल बारशाला आधी तिच्यावर निजायचं, मग पाळण्यात जायचं. भाईमामा निजला होता, आई निजली होती, स्वप्ना आणि दीपेशही. प्रत्येक बाळाच्या वेळी पणजी कोपऱ्यात एक नवा तुकडा जोडायची. या बाळाचा जांभळा तुकडा तिने थरथरत्या हाताने, कितीतरी दुपारी खपून जोडला होता. आणि आज संध्याकाळी ती मिठबावला फोनसमोर बसून बारसं बघणार होती.

"आजयेक काय सांगू गो मी?" भाईमामा रडवेला होऊन म्हणाला. दुकानात भल्याभल्यांना दरडावणारा मामा असा कधी स्वप्नाने बघितला नव्हता.

"चल," ती म्हणाली.

"खंय?"

"गाडयेर!"

निघण्याआधी तिने आईला निरोप धाडला, 'मामाला शहर दाखवायला नेतोय.' आईचं उत्तर आलं, 'शहाणी गं माझी पोरं. त्याला हरवू नका.'

बसथांब्यावर संचिताने मोबाइल बघून सांगितलं, "आता येईल." आणि खरोखरच बस आली. दीपेशने तोंडाचा आ वासला. गाडी कधी येणार हे आधी कळतं आणि ती तेव्हाच येते, यावर त्याचा विश्वास बसेना. त्यात संचिताने हात उंच केल्यावर तर भाईमामालाही जरा धीर आला.

"बघलंस? हंय पण हात करूक लागता. मगे मी काय चुकलंय?"

"कार्ड लाव, मामा," स्वप्नाने त्याला पुढे ढकललं.

मुलं मामाला घेऊन जिना चढून वरच्या मजल्यावर गेली. अगदी पुढची सीट रिकामी होती. समोर नुसती काच. बस सुटली आणि स्वप्ना पुढे झुकून बघू लागली. झाडांच्या फांद्या काचेला हात लावून मागे जात होत्या. उंच उंच इमारतींच्या खिडक्यांतून बांबूंवर वाळत घातलेले कपडे फडफडत होते. एका वळणावर अचानक समुद्र दिसला आणि त्यावर जहाजंच जहाजं, आणि धक्क्यावर माडांपेक्षा कितीतरी उंच लोखंडी क्रेन. हे सगळं माणसांनी केलं? आणि यातून वाट काढत ही एवढी मोठी गाडी, बोटाने एक बटण दाबलं की आज्ञाधारकपणे थांबते? मिठबावच्या तिच्या सगळ्या मैत्रिणींना या काचेसमोर आणून बसवावं, असं तिला मनापासून वाटलं.

शेवटचा थांबा म्हणजे भलंमोठं बसस्थानक होतं. माणसं रांगेत उभी होती.

"खिडकीतसून रुमाल टाकून कोण जागा धरणत नाय?" दीपेशने खालच्या आवाजात विचारलं.

"जागा का धरायची? मागून दुसरी बस येतेच की," संचिता म्हणाली. दीपेश मागे वळून खरंच दुसरी बस येतेय का ते बघू लागला.

हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीपाशी एक ताई बसली होती. संचिताने इंग्रजीत सगळं समजावलं. ताईने कपाट बघितलं, फोन केला, पुन्हा कपाट बघितलं. छत्र्या होत्या, पाण्याच्या बाटल्या होत्या, एक गिटारसुद्धा होती. निळी पिशवी नव्हती. सकाळच्या त्या बसमध्ये फेरी संपल्यावर काहीच सापडलं नव्हतं.

भाईमामाने डोक्याला हात लावला. "संपला सगळा," तो म्हणाला.

परतताना वर चढायचं त्राण कुणात नव्हतं. सगळे खालीच बसले. स्वप्ना खिडकीबाहेर बघत होती, पण आता तिला काही दिसत नव्हतं. संध्याकाळी फोनवर पणजीचा चेहरा कसा होईल, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं.

तेवढ्यात एका थांब्यावर बस थांबली आणि सुटेचना. ड्रायव्हर आपली सीट सोडून खाली उतरला. मधल्या दाराशी येऊन त्याने जमिनीवरची एक फळी उलटून बाहेर टाकली. फळी फुटपाथला टेकली आणि तिच्यावरून चाकांच्या खुर्चीतला एक दादा आत आला. ड्रायव्हर त्याची खुर्ची मधल्या मोकळ्या जागेत नीट लावू लागला. बस गच्च भरलेली होती. पण कुणी कुरकुर केली नाही, कुणी घड्याळ बघितलं नाही. सगळी गाडी त्या एका माणसासाठी थांबून राहिली.

स्वप्नाला पणजी आठवली. तुळसापणजी पूर्वी दरवर्षी आंगणेवाडीच्या जत्रेला जायची. गुडघे गेले, एसटीच्या पायऱ्या चढवेनात आणि तिचं जाणं बंद झालं. 'माझ्यासाठी गाडी कोण थांबवतलो,' असं म्हणून ती हसायची. इथे तर थांबवतात! स्वप्नाचे डोळे भरून आले आणि त्याच क्षणी तिला दुसरंही काहीतरी दिसलं.

"मामा! पिशवी खंय ठेवलंस तू सकाळी?"

"हंयच," भाईमामाने त्या दादाच्या खुर्चीकडे बोट केलं. "ह्या जागेर बाकडां नाय. म्हटलंय, सामान ठेवूकच केलेली असतली."

"ही खुर्चीवाल्यांची जागा!" स्वप्ना उठलीच. "संचिता, सकाळी कोणी खुर्चीतून चढलं असेल तर? पिशवी मध्ये आली असेल, ती त्यांनी मांडीवर घेतली असेल आणि तशीच—"

"—तशीच उतरताना बरोबर गेली!" संचिता म्हणाली.

ड्रायव्हर फळी मिटत होता. बस सुरू झाल्यावर त्याच्याशी बोलायचं नाही, अशी पाटी दीपेशने वाचली होती, म्हणून संचिता तेवढ्यात दाराशी धावली. ड्रायव्हर तिचं ऐकून हसला. सकाळी बाजाराला जाणारी, अशाच खुर्चीतली एक चिनी आजी रोज या बसला असते, त्याने सांगितलं. कालव्यापलीकडच्या थांब्यावर उतरते.

कालवा येईपर्यंत सगळे खिडकीबाहेर बघत राहिले. भाईमामा तर आधीच दाराशी जाऊन उभा राहिला.

थांबा आला. छपराखाली चाकांच्या खुर्चीत एक बारकीशी, पांढऱ्या केसांची आजी बसली होती. हातात कागदी पंखा होता आणि मांडीवर निळी पिशवी. दोनशे सहाचं दार उघडताच ती पुढे झुकून उतरणारा एकेक चेहरा बघू लागली. भाईमामाची नजर पिशवीवर खिळलेली दिसताच तिने ती उंच धरली.

मामाने तिच्यासमोर वाकून दोन्ही हात जोडले. आता ते हात जोडणं योग्य जागी होतं.

"ती म्हणते, पिशवीवाला शोधत याच बसने येणार, हे तिला माहीत होतं," संचिता सांगू लागली. "मध्ये घरी जाऊन जेवून आली आणि पुन्हा इथे बसली. ऑफिसात दिली असती, पण पिशवीत डोकावली तर हाताचे टाके दिसले. कुणाच्या तरी आजीने शिवलंय, म्हणाली. अशी वस्तू कपाटात कशाला ठेवायची?"

स्वप्नाने त्या आजीचा हात हातात घेतला. ती मालवणीतच म्हणाली, "बारशाक ये." आणि आजी आली! तीही त्याच बसने. या वेळी फळी टाकताना ड्रायव्हरशेजारी भाईमामा उभा होता, जणू गाडी त्याच्याच मालकीची.

संध्याकाळी बाळ गोधडीवर निजलं आणि जांभळा तुकडा मुठीत धरून झोपीच गेलं. मग भाईमामाने स्वतःहून सगळं सांगून टाकलं. आईने आधी डोळे वटारले, मग तिन्ही मुलांना एकदमच कवेत घेतलं. "मोठ्या माणसांनी घातलेला घोळ निस्तरलात रे," सुदेशमामा म्हणाला. "डोकं चालवलंत आणि वर मामाची लाजही राखलीत."

फोनवर पणजी सगळं ऐकत होती.

"आजये, मी गोधडी गाडयेर दिलंय होतंय," भाईमामा मान खाली घालून म्हणाला.

"मगे? पोचली मा?"

"पोचली."

"पोचतली नाय तर काय? गाडयेर दिलेला खंय जाता?"

सगळे पोट धरून हसले. पणजी मात्र फोनच्या अगदी जवळ आली. तिला ती खुर्चीतली आजी दिसली होती.

"ती बाय गाडयेत चढली कशी गो?" तिने विचारलं.

स्वप्नाने सांगितलं. ड्रायव्हर कसा उतरला, फळी कशी टाकली, सगळी माणसं कशी थांबली.

"आणि कोण बोंबाललो नाय?"

"नाय, पणजी. सगळी गाडी थांबली."

पणजी त्या आजीकडे बघत राहिली. चिनी आजीने तिच्याकडे बघून पंखा हलवला, तसा तिनेही हात हलवला. मग हळूच म्हणाली, "मगे माका आंगणेवाडयेक कोण नेतलो?"

"मी नेतलंय, आजये," भाईमामा म्हणाला. "येत्या जत्रेक. गाडी थांबवतलंय आणि स्वतः तुका धरून चढवतलंय." त्याने डोळे पुसले. "गाडयेर देवन घराक येवचंय नाय."