काकडीच्या वाफ्यावरच्या रजया

पाटाचं पाणी कोण वळवतंय ते बघायला मी फावडं घेऊनच धावले होते.

"अहो, आज पाळी आमची आहे!"

"माहीत आहे." त्याचे पाय चिखलात, हातात रानकांद्याचे गड्डे. "हे आत्ताच डोंगरावरून आणलेत… तहानलेत बिचारे. दोन घोट पिऊ द्या की."

"कांदे काय पाहुणे आहेत?"

"पाहुणेच! आणि तुमच्या वाफ्यात काय? काकडी? नारीनच्या ह्या डोंगरी थंडीत?" तो हसला. "एकतर धीट आहात, नाहीतर वेड्या."

तो शेजारच्या कुलिपा आजींचा नातू, बेकतुर. सगळा वसंत आमच्या बागांमधल्या भिंतीवरून गप्पा झडल्या. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, कळलंसुद्धा नाही. एकदा त्यानं मला डोंगरातल्या आंबट देठांच्या रेवंदचं रोप दिलं.

"पहिल्या वर्षी तोडायचं नाही हं. मुळं धरू द्यायची."

"आणि मग?"

"मग… जन्मभर पुरतं."

असं म्हणून तो माझ्याकडे बघतच राहिला. पण त्यापुढे मात्र त्याचं घोडं पेंड खाई. मी वाट बघून बघून कंटाळले. जूनमध्ये आपानं, म्हणजे आईनं, शहरातल्या एका घराला शब्द देऊन टाकला.

"आज संध्याकाळी येताहेत," मी भिंतीपाशी जाऊन सांगितलं. "मुलाची आई माझ्या कानात डूल घालणार. एकदा घातले की लग्न पक्कं, संपलं."

त्याच्या हातातली झारी तशीच राहिली. "तू… हो म्हणालीस?"

"मला विचारलंय कुणी? ज्यानं विचारायचं तो कांद्यांना पाणी पाजतोय!"

"माझी आई नाही, चोल्पोन. डूल घेऊन पाठवू कुणाला? आजीला तर अंगण ओलांडवत नाही…"

वाक्य अर्धवट टाकून तो घरात निघून गेला. मी कोबीच्या वाफ्यात बसून रडले. संतापानं जास्त.

ऊन कलताच वारा पडला. आभाळ नितळ झालं. आमच्याकडे याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. जून असला तरी आज रात्री दंव गोठणार, उघडी रोपं पहाटेपर्यंत काळी होणार. घरातली पोती पुरेनात. बैठकीत मात्र माझ्या रुखवताच्या रजया आढ्यापर्यंत रचलेल्या होत्या. पाहुण्यांना दिसाव्यात म्हणून. मी जन्मल्यापासून आपा दर हिवाळ्यात त्या शिवत आली होती.

मी वरची रजई ओढली. मग दुसरी ओढली.

काकडीच्या वाफ्यावर त्या पसरते न पसरते, तोच बेकतुर भिंतीवरून उडी मारून आला. त्याच्याही कवेत रजया.

"कुणाच्या ह्या?"

"आईच्या. तिच्या लग्नातल्या. धर ते टोक."

त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. दोघांनीही हात काढला नाही… आणि फाटकाशी गाडी थांबली.

आपा पाहुणीला, मुलाच्या आईला, घेऊन बागेत आली आणि जागीच थिजली. "अगं मेले! रुखवत मातीत घातलंस?"

पाहुणीची नजर एकेका रजईवरून फिरली. "ह्या इकडच्या तुमच्या. त्या तिकडच्या कुणाच्या?"

"आमच्या," बेकतुर पुढे होऊन म्हणाला. तो हटला नाही.

"दोन घरच्या रजया एका वाफ्यावर! मग आम्हाला कशाला बोलावलंत?" तिनं डुलांची डबी पुन्हा खिशात टाकली. गाडी आली तशी गेली.

"आता गावात तोंड कसं दाखवू?" आपानं कपाळावर हात मारला.

तेवढ्यात काठी वाजली. कुलिपा आजी फाटकातून आत येत होत्या, धापा टाकत.

"दुपारपासून हा पोरगा माझ्या पाया पडतोय," त्या म्हणाल्या. "पण माझे पाय म्हातारे, वेळ लागला." कानातले चांदीचे डूल त्यांनी तिथंच उतरवले. "जुने आहेत. चालतील का गं, लेकी?"

त्यांनी आपाला नाही, मला विचारलं. मी बेकतुरकडे पाहिलं, मग आपाकडे, आणि कानावरचा रुमाल मागे सारला. कान थंडीनं बधिर झाले होते. आजींनी घातलेले डूल मात्र अजून त्यांच्या अंगाइतके गरम होते.

आपानं माझ्या कानांकडे पाहिलं. मग नाक पुसून माझ्यावर खेकसली, "बघत काय राहिलीस? उरलेल्या रजया आण. कोबी उघडाच आहे अजून."