मल्लम्माआजीची जागा

ही ऐकीव गोष्ट नाही. ज्यांच्या घरात घडली ती माझ्या नात्यातली माणसं आहेत, आणि त्यांतलं एकही उगाच काही सांगत सुटणारं नाही. पटलं नाही तर सोडून द्या, पण त्यांना खोटं म्हणू नका.

तारीख १८ एप्रिल २०२४, गुरुवार. गाव शिरूर अनंतपाळ, जिल्हा लातूर. वेळ रात्रीची नव्हती. दुपारचे अडीच वाजले होते.

शिवांगी लातूरला कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. भुताखेतांचं नाव काढलं की हसणारी पोरगी. चार दिवस सुट्टी काढून गावी आली होती. कुरिअरवाला दारात आला, सही घेऊन गेला. कॅनडाहून तिच्या काकाचं, दयानंदचं पार्सल होतं.

तिनं पुडकं हातात घेतलं…

ते गार होतं.

बाहेर बेचाळीस डिग्री ऊन आणि पुडकं फ्रिजमधून काढल्यासारखं गार. तिनं फोडलं. आत चांदीची डबी होती. डबीला दव सुटलं होतं.

डबीत आजीचं इष्टलिंग होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लिंगायतांत मेलेल्या माणसाला जाळत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठेवतात आणि माती देतात. जन्मभर गळ्यात असलेलं लिंग माणसाबरोबर जातं. ते मागं राहत नाही.

आजीचं मागं राहिलं होतं.

मल्लम्माआजी २०१३ साली कॅनडाला गेली. सहा महिन्यांसाठी. दयानंदला जुळी झाली होती, बघायला कुणी नव्हतं. बॅगेत ज्वारीचं पीठ, भस्माच्या वड्या आणि दोन इरकली लुगडी. जाताना शिवांगीला म्हणाली, "जत्रंपत्तर येतेच की मी."

मग जुळी लहान आहेत म्हणून राहिली. मग गुडघे दुखले म्हणून. मग कोरोना आला. अकरा वर्षं गेली. आईबापांपेक्षा आजीच्याच मांडीवर वाढलेली शिवांगी तिला फोनच्या काचेत म्हातारी होताना बघत राहिली.

तिकडेही आजी आजीच राहिली. भाकरी भाजली की घरातला धुराचा अलार्म कोकलायचा आणि ती त्यालाच शिव्या घालायची. बर्फात फिरायला निघाली की मुद्दाम फोन लावायची, बुटाखाली बर्फ कसा वाजतो ते ऐकवायला. आणि दर रविवारी एकच प्रश्न.

"यांच्याशेजारची जागा मोकळी ठिवलीय ना गं? चंद्रप्पा तिथं सोयाबीन पेरंल बग."

चंद्रप्पा म्हणजे शिवांगीचा बाप. त्याच्या शेतात आजोबांची समाधी होती. त्यांच्या डाव्या हाताची जागा आजीची.

गेल्या दिवाळीत तिनं विचारलं, "मला आनशील ना?"

"हाव आजी. मी आणीन," शिवांगी म्हणाली.

फेब्रुवारीत आजी गेली. बॉडी आणायची तर कागदपत्रांना किती दिवस लागतील कुणी सांगेना. दयानंदनं फोनवर सांगितलं, "इथंच बसवून माती दिली." चंद्रप्पानं गावाला तेच सांगितलं. शिवांगी रडली, आणि मनाची समजूत घालून कामाला लागली.

आता तिनं त्याला फोन लावला. तिकडं रात्र होती, तरी त्यानं पहिल्याच रिंगला उचलला.

"काका, लिंग इकडं कसं?"



"जमीन दगडावानी गोठली होती गं. बसवून पुरायचं म्हणलं तर तिथं कुणी ऐकूनच घेईना. अकरा दिस ती त्या थंडगार खोलीत होती. मला बगवंना. शेवटी… जाळलं."

शिवांगीनं फोन ठेवला. लाइट गेली होती. पंखा थांबला. गोठ्यातल्या म्हशीचं रवंथ थांबलं. चिमण्या गप्प झाल्या.

आणि अंगणात…

करर्… करर्…

कोरड्या मिठाच्या ढिगावरून कुणीतरी जड पायानं चालावं, तसा आवाज. हा आवाज तिनं फोनवर शंभरदा ऐकला होता.

पावलं दारापर्यंत आली. उंबऱ्यापाशी थांबली. आत आली नाहीत.

शिवांगीनं दार उघडलं. अंगणात नुसतं ऊन होतं.

शुक्रवारी अडीच वाजता तेच झालं. पावलं आली, उंबऱ्याशी थांबली, आणि परत जातानाचा आवाज काही आला नाही. देवघरातली डबी सारखी ओली व्हायची. ती पुसायची, परत ओली.

बापाला सगळं सांगून लिंग आजोबांशेजारी पुरायचा विषय काढला तर चंद्रप्पा चिडला. "आता शेतात खड्डा खंदला तर गाव इचारंल कामून म्हणून. आईला जाळलं हे सांगू? दया परत गावात तोंड दाखविल का?"

"आणि आजीनं कुठं जावं, अप्पा?"

"गेली ती. आता कुठं जायचं ऱ्हायलंय?"

शनिवारी तो मुद्दाम दुपारी घरात थांबला. उंबऱ्याकडं तोंड करून बसला. अडीच वाजले…

करर्… करर्…

चंद्रप्पा जागचा हलला नाही. पावलं थांबल्यावर त्यानं टॉवेल तोंडात कोंबला आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. मग टॉवेल खांद्यावर टाकला आणि गुरुपादप्पाच्या घरी गेला.

गुरुपादप्पा आजोबांचा चुलतभाऊ. सत्तरी ओलांडलेला. भावकीतला प्रत्येक खड्डा चाळीस वर्षं त्याच्याच देखरेखीखाली निघतो. सगळं ऐकून तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "वैनीची मापं मला ठावी हायत."

"लिंगच ठेवायचंय काका. वीतभर खड्डा पुरे," चंद्रप्पा म्हणाला.

"न्हाई. पुरा काढू. बसायला कोनाडा काढू. वैनी काय वीतभर होती व्हय?"

रविवारी सकाळी आजोबांच्या डाव्या हाताला खड्डा निघाला. जंगम आले, मंत्र झाले. शिवांगी शिडीवरून खाली उतरली. कोनाड्यात भस्म, बेलाची पानं, त्यावर लिंग ठेवलं. तिथं माणूस बसायला हवं होतं, आणि तिथं काळोख होता.

तिनं हात मागं घेतला तेव्हा लक्षात आलं… लिंग आता गार नव्हतं. अंगाच्या उबेइतकं कोमट होतं.

ती वर आली. माती लोटायला सुरुवात झाली. गुरुपादप्पानं स्वतः उतरून दर थराला तुडवून घेतली. रिकामा खड्डा बसतो, पावसाळ्यात खचतो, म्हणून.

खड्डा भरला. कडेला मातीचा ढीग तसाच होता.

गुरुपादप्पा त्या ढिगाकडं बघत राहिला. मग पाटी घेऊन त्यानं ती माती भरून भरून बांधावर नेली. सगळे नको नको म्हणत असताना एकट्यानं नेली. शेवटची पाटी टाकून परत आला आणि बोटांवर पाट्या मोजू लागला.

"काय झालं आजोबा?" शिवांगीनं विचारलं.

"रिकाम्या खड्ड्याची माती तुडवली की जवळपास सगळी परत जाती. उरती ती घमेलंभर. आत मानूस बसवलं तर त्याच्या अंगाएवढी उरती. जन्मभर हेच करत आलोय. मला नको शिकवू."

"किती उरली?"

तो खाली बसला.

"वैनीएवढी."

शिवांगीनं मनात हिशेब घातला. खणलेली माती फुगते, ओली माती नीट दबत नाही. पण माती ओली नव्हती, आणि तुडवताना ती समोरच उभी होती.

त्या दिवसापासून अंगणात पावलं वाजली नाहीत. चंद्रप्पा म्हणतो, सुटली माझी आई. गावानं काही विचारलं नाही. दयानंद दर रविवारी फोन करतो आणि रडतो.

शिवांगीला मात्र झोप नाही. आजी आली, हे तिला आता पटलंय. तेच तिला सहन होत नाही. अकरा वर्षांनी आजी घरी आली. तीन दिवस उन्हात दाराशी उभी राहिली. आत ये, असं तिला कुणी म्हणालं नाही. आणि चौथ्या दिवशी आपणच तिच्या अंगावर माती लोटली, तिचं तोंडही न बघता.

हे सांगताना शिवांगी आपला उजवा हात पदरात लपवते. कोनाड्यात लिंग ठेवलं तेव्हा ते बेलाच्या पानांवर ठेवलं होतं की दुसऱ्या कशावर, हे तिला अजून नक्की सांगता येत नाही.