हाफटाइमचा रस

“माणूस गोड बोलायला लागला, की आधी बघावं त्याला पगार कोण देतं.”

गिरिजाबाईंनी लेकीला हे बजावलं, तेव्हा दानेश्वरी पिंकीच्या डोक्याला रुमाल बांधत होती. “आई, मी मॅच बघायला चाललेय, स्थळ बघायला नाही,” असं म्हणून तिनं ते हसण्यावारी नेलं. घटस्फोट घेऊन माहेरी परतलेल्या बाईला सल्ल्यांचा काय तोटा!

मॅच होती चादर वॉरियर्सची. टॉवेल कारखान्याचे मालक रेवणप्पा यांची ही फुटबॉल टीम, आणि तिला उभी करणारे कोच म्हणजे कुर्डुवाडीचे सयाजी सर. रविवारी सकाळी सर लहान मुलींनाही शिकवायचे. दानेश्वरीची सहा वर्षांची लेक पिंकी त्यातलीच. घरात कुकरच्या शिट्टीला दचकणारी ही पोर त्या मैदानावर पहिल्यांदा मोठ्यानं ओरडली – “पास दे की गं!” त्या दिवसापासून दानेश्वरीच्या मनात सरांची जागा देवाच्या खालोखाल होती.

स्टँडला छप्पर नव्हतं, आणि सोलापूरचं ऊन हिवाळ्यातही दुपारी आपला हक्क सोडत नाही. दानेश्वरी ओढणी ताणून पिंकीला सावली करत होती, तोच मागून एक काळी छत्री अलगद पुढे झुकली.

“वाटणी करू,” मागच्या पायरीवरून आवाज आला. “सावली तिला, ऊन मला.”

“आणि मला?”

“तुम्ही मॅच बघतच नाही. सारखं पोरीकडं लक्ष. तुमच्या बाजूनं गोल झाला तरी तुम्हाला कळायचा नाही.”

तिनं वळून बघितलं. डोळे हसरे, शर्टाची वरची गुंडी तुटलेली… आणि छत्री तिरकी धरून धरून अवघडलेला हात. तरी तो हात खाली येईना.

“नाव काय तुमचं?”

“राजशेखर.”

“करता काय?”

“सध्या? छत्री धरतो.”

ती हसली, आणि प्रश्न तिथंच राहून गेला.

मग प्रत्येक मॅचला तीच पायरी, तीच छत्री. हाफटाइम जवळ आला की त्याचा फोन थरथरायचा. तो फोन कानाला लावून पायऱ्या उतरायचा, आणि परत यायचा तो उसाच्या रसाचे तीन ग्लास सांभाळत. एक पिंकीचा, एक तिचा, एक त्याचा. बर्फ कमी, लिंबू जास्त – तिची आवड त्यानं न विचारता ओळखली होती. ग्लास घेताना बोटांना बोटं लागायची… ती पटकन मैदानाकडं बघायची.

“आता बघताय मॅच,” तो म्हणायचा. “बॉल कुठंय, सांगा बरं?”

“तिकडं कुठंतरी.”

“ओ पिंकीच्या आई, हाफटाइम आहे! बॉल पेटीत आहे.”

टीम सेमीफायनलपर्यंत गेली आणि शेवटच्या मिनिटाला हरली. रडारड झाली, शिव्यागाळी झाली. पुढच्या रविवारी दुःख हलकं करायला सगळे चाहते अक्कलकोट रोडला त्यांच्यातल्याच धुळाप्पाच्या रानात हुरड्याला जमले. आगटीत कणसं भाजत होती. राजशेखर गरम कणीस तळहातावर चोळून, फुंकून, दाणे पिंकीच्या ओंजळीत टाकत होता. शेंगा चटणीची वाटी पुढे सरकवताना त्यानं दानेश्वरीकडं असं काही बघितलं, की तिला वाटलं, आज हा बोलणार. आज नक्की…

तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम वाजले.

सयाजी सरांना काढलं होतं.

कुणाच्या हातातला घास तोंडापर्यंत गेला नाही. धुळाप्पा नुसताच “आँ?” म्हणाला, आणि परत एकदा “आँ?”

मग पेटलं. आगटीपेक्षा जास्त.

“तळाला पडलेली टीम त्या माणसानं सेमीफायनलला नेली!” धुळाप्पा कडाडला. “आन त्येला हे बक्षीस?”

“नेली, पर जिंकली कुटं?” कारखान्यात लूमवर असलेला संगप्पा म्हणाला. “आन पैसा कुनाचा हाय? मालकाचा. मग मालकाचं ऐकाय नको?”

“पैसा मालकाचा, पाय पोरांचं! तुझ्या लूमला हात लावतो का मालक? तितं कारागिराला इचारतो, मग हितंच कशाला लुडबुड?”

“अरे, दर हाफटाइमला मालकानं निरोप धाडलाय. ह्याला काढ, त्याला घाल. सरांनी एक म्हंजे एक ऐकला न्हाय! हट्टी मानूस. आमच्या ऑफिसात शेंबड्या पोराला ठाव हाय.”

“खोटं! सर सोता सांगायचं, आपला मालक कदीच मधी पडत न्हाय म्हनून.”

“मग सर खोटं बोलत्यात.”

“न्हायतर तुजा मालक!”

दानेश्वरी हे सगळं ऐकत होती. लोक सरांबद्दल असे बोलत होते, जसे बाराव्याच्या दिवशी मेलेल्या माणसाबद्दल बोलतात. तिला राहवेना.

“सरांना कुणी फोन केला का?”

कुणीच केला नव्हता. आणि तिची नजर राजशेखरवर गेली. त्याच्या मुठीतले दाणे केव्हाच गार झाले होते. तोंड चुन्यासारखं पांढरं.

“जरा… इकडं येता?” तो म्हणाला.

बोरीच्या झाडाखाली त्यानं मुठीतले गार दाणे टाकून दिले. मग म्हणाला, “दोघांतलं कुणीच खोटं बोलत नाही.”

“म्हणजे?”

“मी रेवणप्पा मालकांच्या ऑफिसात मॅनेजर आहे, तुम्हाला कधी सांगितलं नाही एवढंच. ते स्वतः कुणाशी बोलत नाहीत, निरोप पाठवतात. हाफटाइमला त्यांचा फोन यायचा. ‘सरांना सांग, माझ्या मेहुण्याच्या पोराला उतरवा. तो लांब केसवाला अपशकुनी आहे, बाहेर काढा.’ ते मी खाली जाऊन सरांना सांगायचं…”

“आणि?”

“मी रसाच्या गाड्यावर जायचो.”

दानेश्वरीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं झाडाला हात टेकला.

“एकसुद्धा निरोप दिला नाही?”

“दोन सीझन. पहिल्यांदा टीम पुढे होती, म्हटलं, कशाला पोरांचा खेळ मोडा. जिंकले. मग तीच सवय लागली. मालकांना सांगायचो, ‘सांगितलं, सर बघतो म्हणाले.’ जिंकत होते तोवर मालक हसत होते. हरले, आणि त्यांना एकेक न ऐकलेला निरोप आठवला.”

“म्हणजे सरांना ज्यासाठी काढलं… ते त्यांना माहीतच नाही?”

“नाही,” तो म्हणाला.

“आणि मी खुळी!” ती म्हणाली. “मला वाटायचं, माणूस उन्हातून माझ्यासाठी रस आणायला जातो.”

“तुमच्यासाठीही जायचो, दानेश्वरी.”

‘पिंकीच्या आई’ नाही. पहिल्यांदाच नाव. किती दिवस वाट बघितली होती तिनं या हाकेची… आणि ती आली तीसुद्धा अशी! तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं की कशाचं, तिचं तिलाच उमगेना.

“गाडी काढा,” ती म्हणाली. “सरांकडं जायचंय. आत्ता.”

मोटारसायकलवर दोघांच्या मधे पिंकी झोपून गेली.

सयाजी सर भाड्याच्या खोलीत बूट पिशवीत भरत होते. “या की! बसा, बसा. पिंके, झोपलीस व्हय गं?” शेजारी फोन पडला होता. “सकाळपासनं गप हाय बिचारा. मला वाटलं बिगाडला.” मग स्वतःच म्हणाले, “मालकावर राग न्हाय बगा माजा. मानूस चांगला. दोन सीझन कदी आडवा आला न्हाय. असा मालक नशिबानं मिळतो.”

राजशेखरनं तेव्हा सगळं सांगितलं. उभ्यानं, एकही शब्द गाळला नाही.

सर ऐकत राहिले. मग हसले. इतके हसले की पिंकी जागी झाली.

“आरं, म्हंजे त्यो चांगला मालक… त्यो तू हुतास व्हय!”

आणि हसू मधेच तुटलं. हातातला बूट त्यांनी हळूच खाली ठेवला.

“मला सांगायचं की रं,” ते म्हणाले. “मी त्येला तोंडावर न्हाय म्हनलो असतो. तवाच काढलं असतं, तर ताठ मानंनं गेलो असतो. माजं ‘न्हाय’ तू म्हनून टाकलंस. मग लुडबुड त्येनं केली, का तू?”

दानेश्वरीला वाटलं होतं, आपल्याला राजशेखरचा राग आलाय, तो कधी जायचा नाही. पण तिनं त्याच्याकडं बघितलं, आणि त्या अवघडून उभ्या माणसाला खाली बसवावं, पाणी द्यावं, असं तिला वाटलं. प्रेम असं भलत्या वेळी कळतं.

दुसऱ्या दिवशी राजशेखर मालकांपुढं उभा राहिला, आणि नोकरी घालवून बाहेर आला. सरांना मात्र परत बोलावणं आलं नाही. नवा कोच ठरला होता. दिलेला शब्द फिरवणं रेवणप्पांना कमीपणाचं वाटलं. मुलींची रविवारची बॅचही बंद पडली.

सर कुर्डुवाडीला निघाले त्या दिवशी त्यांना पोचवायला स्टेशनवर ही तिघंच होती. राजशेखरला दानेश्वरी पिंकीला घेऊन आधीच आलेली बघून धक्का बसला, तिला तो आलेला बघून. सरांनी खिडकीतून त्याच्या गालावर एक हलकी चापट मारली – ती माफी होती की शिक्षा, कुणाला विचारता! – आणि गाडी हलली.

“माझ्याकडं आता नोकरी नाही,” रिकाम्या रुळांकडं बघत राजशेखर म्हणाला. “मालक गेले, सर गेले. तुमच्या आईंना मी पिंकीकरवी काही कळवावं म्हणत होतो…”

“खबरदार!” ती फिरली. “परत मधे कुणाला घातलंत तर. जे असेल ते तोंडावर सांगा.”

तो गडबडला. “मला तुम्ही… म्हणजे तू… आणि पिंकी. दोघी. मला दोघी हव्या आहेत.”

फलाटावर एवढा गोंगाट होता, तरी तिला शब्द न् शब्द ऐकू आला.

“आईशीही असंच बोला,” ती म्हणाली, आणि पिंकीला त्याच्या कडेवर दिलं. “ती मधेमधे तोडेल. तरी थांबू नका.”

आता लग्न होऊन घरात तिघंही आहेत, आणि दानेश्वरीची काळजी तेवढी कुर्डुवाडीला सरांपाशी असते. ती फोन करते, तेव्हा सर म्हणतात, “बरं हाय.” पण ‘बरं हाय’ म्हणणारा माणूस जेवलाय की नाही, हे फोनवर कसं दिसणार? म्हणून तिचं तुमच्याकडं एवढंच मागणं आहे. तुम्ही कधी गाडी बदलायला कुर्डुवाडीला उतरलात, आणि पुढच्या गाडीला वेळ असला, तर सयाजी सरांचं घर विचारा. कुणीही सांगेल. फुटबॉलचं काही बोलू नका. नुसतं बसा जरा त्यांच्यापाशी… आणि ते जेवलेत का, तेवढं बघा.