वत्सलाबाईची डबी

घाटनांदूरच्या पलीकडं आमचं गाव. तिथं मी आशा कार्यकर्ती, सरकारी दवाखान्याची; गाव मला आशाताई म्हणतं. ते दिवस ऊसतोडीचे होते, अर्धं गाव कारखान्यावर गेलेलं, गल्लीत कुलपंच कुलपं. भिवरामावशी तीन आठवडे खोकत होती, म्हणून आदल्या संध्याकाळी तिला थुंकीची डबी देऊन आले होते. सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरायच्या आधी खाकरून भर म्हणून बजावलंही होतं. दुपारी तीच आणायला निघाले.

खरं सांगते, त्या घरी जायचं म्हटलं की मी आधी बाकीची सगळी घरं उरकून घेते. मावशीची सून वत्सलाबाई गेल्या साली क्षयानं गेली. गोळ्या चालू होत्या आणि तोडीचा हंगाम लागला. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई मागं राहिली तर मुकादम जोडी नेत नाही. "ताई, जाऊ द्या ना मला," म्हणून पायाच पडली. गोळी माझ्यासमोर गिळायची, मगच मी कार्डावर खूण करायची, असा नियम. मी काय केलं? गोळ्या तिच्या हातात दिल्या आणि दोन महिन्यांच्या खुणा एका बैठकीत मारून मोकळी झाले. पुन्हा थुंकी तपासायला दिलेली डबीही मागितली नाही. मळमळतं म्हणून तिनं आठ दिवसांत गोळ्या सोडल्या. फडातच गेली बिचारी. कार्डावर मात्र ती मेल्यावरही महिनाभर गोळ्या खात होती.

मावशी ओट्यावर ज्वारी निवडत होती. दहा-अकरा वर्षांची नात करिष्मा शेजारी पाटी घेऊन बसलेली. त्रिंबक, पोरीचा बाप, तोडीला गेलेला. मी टेकले, तेवढ्यात आतून खोकला आला. दोन बारके, मग एक लांब, ओढल्यासारखा.

तो खोकला मी ओळखते हो! चार महिने ऐकलाय.

"मावशी... आत कोण हाय?"

"कोन असनार? कुलूप दिसंना का तुला?"

खोलीला कुलूप होतं. पुन्हा खोकला आला. करिष्मानं मान वर केली नाही, मावशीचा हात थांबला नाही. फटीतून ओल्या पाचटाचा वास येत होता. त्या घरात उसाचं एक कांडंसुद्धा नव्हतं.

मावशीनं कोनाड्यातून डब्या काढल्या. दोन.

"मी एकच दिलती, मावशी."

"दुसरी वत्सलानं दिली सकाळी. करिष्माची हाय म्हनली." मावशी अगदी सहज बोलत होती. "ताईला म्हनावं... आता तरी खोटं लिहू नका."

अगं बया! डबीवर माझ्याच अक्षरात वत्सलाबाईचं नाव होतं, गेल्या सालचं, शाई उडालेली. आणि डबी कोमट होती.

"मी न्हाई थुंकले त्यात," करिष्मा रडवेली होऊन म्हणाली. "मला खोकलाच न्हाई."

फेकून द्यावी असं लई वाटलं. पण दोन्ही नेल्या. मावशीची थुंकी साफ निघाली. दुसऱ्या डबीत क्षय होता. पोरीला दवाखान्यात नेलं, छातीचा फोटो काढला. डाव्या बाजूला डाग. डॉक्टर म्हणाले, "लवकर आणली, बरी होईल."

तेव्हापासून मी रोज जाते. गोळी गिळली की तोंड उघडायला लावते, जीभ वर करायला लावते, मगच खूण करते. पोर आता अंगानं भरली. खोलीतला खोकलाही थांबला होता. वाटलं, सुटले बाई एकदाची.

परवा निघताना मावशीनं हाक मारली. "ताई, ही तुझी ऱ्हायली बघ."

हातात नवी, रिकामी डबी ठेवली. वर माझं नाव होतं: सुनिता. अक्षरही माझंच. मी कधी लिहिलं नव्हतं. वत्सलाबाई तर अंगठा उठवायची.

"कावून दिली, मावशी? मला काय झालंय?"

"मला काय ठावं? उद्या-परवा लागंल म्हनली."

परवा मला खोकला नव्हता, देवाशपथ नव्हता. काल संध्याकाळी चुलीपुढं बसले आणि सुरू झाला. आमचे हे म्हणाले, धूर लागला असेल.

धुरानं असा खोकला येत नाही. दोन बारके, मग एक लांब.