झाकलेल्या वाट्या

समुद्र चढल्यावर डोंगरावर वसवलेल्या नव्या दाभोळात शोषताप फक्त तान्ह्या बाळांना गाठायचा. जन्मल्यावर लस देण्याइतकी सवड तो देत नसे. म्हणून डॉ. शर्वरी खोत हिने गरोदर आईला टोचायची 'गर्भकवच' लस तयार केली. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळात उतरायची.

बायका मात्र हसून टाळत. पोटुशीच्या अंगात सुई म्हणजे भलतंच. "ताई, तुम्हालाही सातवा लागलाय. तुम्ही घ्या, मग आम्ही घेतो," जाळी विणणारी हौसा म्हणाली. तिलाही दिवस गेले होते.

तिने स्वतः चाचणीत उतरायला सहकारी डॉ. नासिर मुकादम यांनी विरोध केला. चाचणी द्विअंध होती: निम्म्या कुप्यांत लस, निम्म्यांत मिठाचं पाणी, आणि कुणाला काय मिळालं ते एकट्या वाटपयंत्राला ठाऊक. लस सिद्ध होईपर्यंत चाचणीबाहेर ती कुणालाच मिळणार नव्हती, शर्वरीलाही नाही. तिने बायकांना डोहाळजेवणातल्या झाकलेल्या वाट्यांचं उदाहरण दिलं. एकीत पेढा, एकीत बर्फी, आणि इथे झाकणाऱ्यालाही माहीत नाही. बायकांनी माना डोलावल्या, पण त्यांचं सगळं लक्ष तिच्या दंडाकडे होतं. तिने सर्वांदेखत सुई घेतली आणि रांग लागली.

शर्वरीची मुलगी बारशाआधीच तापाने गेली. तिचं नावही ठेवायचं राहिलं. बायका भेटायला आल्या, रडल्या, आणि केंद्रावर यायच्या बंद झाल्या.

मग नासिर आले.

"यंत्राने गट उघड केले. लस सिद्ध झाली. एका मृत्यूचा पुरावा कमी पडत होता, तो मिळाला."

"माझ्या कुपीत काय होतं?"

"पाणी."

आपली लस फसली नाही, या विचाराने तिला क्षणभर बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची तिला इतकी लाज वाटली की ती तोंड झाकून रडली.

हौसालाही पाणीच मिळालं होतं. तिचे दिवस भरायला अजून अवकाश होता. आत्ता लस दिली तर बाळ वाचणार होतं. शर्वरी कुपी घेऊन तडक तिच्या घरी गेली. उंबऱ्यात मात्र तिचे पाय अडले. लस घेतली होती म्हणावं तर लस निकामी. पाणी होतं म्हणावं तर आपण लबाड ठरणार. तिने खरं तेच सांगितलं.

हौसाने हातातली जाळी खाली ठेवली.

"म्हणजे ताई, तुम्ही पाणी टोचून घेतलंत, आणि ते बघून आम्ही पुढे झालो?"

"मलाही माहीत नव्हतं गं. लस मिळाली असती तर माझी पोर जगली असती. तू घे."

हौसाने तिला जवळ घेतलं. दोघी पोटभर रडल्या. दंड मात्र हौसाने पदराखालून काढला नाही.